राणू चालला ती शीव

४ फेब्रुवारी

जुने कागद बांधलेल्या सातव्या रुमालाची गाठ काही केल्या सुटेना. कात्री मागितली तर अत्तारभाई दचकलेच. संग्रहालयाची किल्ली त्यांच्याकडे, कागद मोजायचं काम त्यांचं, आणि मोडी मात्र तिथं एकालाही वाचता येत नाही. म्हणून मी. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, मी साहेबाच्या कचेरीतली भांडणं वाचते.

मार्चअखेर प्रदर्शन. ‘साहेबाच्या काळातली आपली माणसं’ असं नाव ठरलंय. निजामानं आपला हा मुलूख काही वर्षं कंपनीला लावून दिला होता, तेव्हाच्या वस्तू. एक पेटी विलायतेहून आलीय, साहेबाच्या खापरपणतवंडांनी पाठवलेली. तीत त्याची चित्रांची वही. आणि कचेरीतल्या एका कारकुनाच्या घराण्यानं माळ्यावरचे अठरा रुमाल दिलेत.

वही पाहिली. साहेबाचा हात चांगला. घोड्याखाली घोड्याचं नाव, कुत्र्याखाली कुत्र्याचं. माणसांखाली नुसतं पाणक्या, हमाल, आया. संताप आला, पण चित्रं बघत राहिले. एका पानावर डोक्यावर ओलं कातडं घेतलेला उघडा माणूस चाललाय, मागं शेपन्नास माणसं. खाली इंग्रजीत एवढंच की शीव दाखवणारा महार.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. आमच्या घरात ही गोष्ट मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय.

७ फेब्रुवारी

गोष्ट लिहून ठेवते, आई सांगायची तशी.

आमचं गाव शेलवडी, शेजारचं करंजूळ. दोन गावांत शिवेचं भांडण. शीव ठाऊक असायची महाराला, तेच त्याचं काम. साहेब म्हणाला, महारानं चालावं, तो चालेल तिथं दगड रोवू. मग आमचा राणोजीबाबा अणदूरच्या खंडोबाचा भंडारा उचलून, ओलं कातडं डोक्यावर घेऊन शीव चालला. खोटं चालला तर पंधरा दिवसांत देव घेऊन जाणार. पाटलानं दम दिला, बाबा हलला नाही. खरी शीव चालला. पंधरा दिवसांनी ठणठणीत.

दादा, माझा थोरला भाऊ, राणोजीबाबावर पुस्तिका काढतोय, तीत खंडोबा काढून टाकलाय. आपण बौद्ध, म्हणून ‘सत्यानं राखलं’ असं लिहिलंय. ठीक आहे. पण दादानं राणोजीबाबाला फेटा आणि झुपकेदार मिशा कुठून आणल्या, हे त्यालाच ठाऊक.

यंदा जयंतीला गावात राणोजीबाबाच्या नावाची कमान उभी राहतेय. दादा उमरग्याहून महिन्यात चारदा गावाला चकरा मारतो. आयुष्यभर विजेच्या खांबावर चढला, आता गुडघे गेलेत, तरी पाया खणताना तासन्‌तास उभा. मागच्या रविवारी म्हणाला, "कुसू, तू एवढे कागद बघतीस. एक तरी पुरावा काढ गं. गावातले म्हणतेत, ह्यांच्या सांगोवांगीच्या गोष्टी."

१२ फेब्रुवारी

सापडला.

आठवा रुमाल. लांबच लांब कागद, गुंडाळलेला. ‘राणू वलद येसू माहार, मौजे शेलवडी.’ दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. कातडे माथां घेऊन, भंडारा उचलून, शीव चाललो ती खरी. शेवटी निशाणी. सही न येणाऱ्यानं आपल्या कामाची खूण काढायची असते. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस. राणूचा विळा. छान गोलाई आलेला, ठसठशीत.

मला रडू आलं. आमच्या घराण्यात शाळेचा दाखला असलेला पहिला माणूस माझा बाप. त्याच्या मागं एक कागद नाही आमच्याकडं, आणि इथं राणू नावानिशी, बापाच्या नावानिशी, गावानिशी हजर. साहेबाला त्याचं नाव लिहावंसं वाटलं नाही. कारकुनानं लिहिलं.

तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, राणोजीबाबा सापडला." मग म्हणाला, "खरंच म्हण."

अत्तारभाईंनी स्वतःच्या पैशानं भजी मागवली.

१५ फेब्रुवारी

दादानं कव्हर छापलंसुद्धा. साहेबाच्या वहीतल्या चित्राचा फोटो मीच पाठवला होता. वर ‘सत्यवादी राणोजीबाबा’, खाली ‘पुरावा : धाराशिव येथील संग्रहालयातील मोडी कागद’, त्याखाली माझं नाव, सेवानिवृत्त शिक्षिका.

विचारलं, चित्रातला माणूस तोच कशावरून?

"आपल्या तालुक्यात शीव चालणारे किती असतील?"

बरेच असतील. बोलले नाही. तो इतका खूश होता की...

२० फेब्रुवारी

पेपरात आवाहन आलं होतं की साहेबाच्या काळातल्या घरच्या आठवणी असतील त्यांनी संग्रहालयात येऊन सांगाव्या. आतापर्यंत तीन जण आले. दोघांनी तलवारी आणल्या, एकाला तिची किंमत हवी होती.

आज लिंबाजीआबा आले. वय ऐंशीच्या पुढं, पांढरं धोतर, कोटाला निळा बिल्ला. आल्या आल्या जय भीम केला. गाव विचारलं तर करंजूळ. माझ्या हातातला पेन तिथंच थांबला.

त्यांचं बोलणं अत्तारभाईंनी मोबाइलवर घेतलं, मी वहीत. जसं आठवतंय तसं :

"आमच्याकडं वस्तू न्हाय, बाई. गोष्ट हाय. वढ्यापासून चिंचंपतोर आमचा हाडोळा व्हता. महारांच्या वतनाची जमीन. काळी, वाफशाची. शेलवडीच्या एका महारानं पाटलाचं ऐकून खोटी शीव चालली. वढा सोडला अन्‌ चिंचंकडनं आला. साहेबानं तिथंच दगड ठोकले. आमचा हाडोळा शेलवडीच्या पाटलाच्या घशात गेला. आमची निम्मी माणसं तवाच गाव सोडून गेली, कुठं गेली ठाव न्हाय. आपल्याच माणसानं केलं, ह्याचं लई वाईट वाटतं."

मी विचारलं, त्या माणसाचं नाव?

"नाव कोण घेतंय. आमच्यात लेकरू लबाड बोलाया लागलं की म्हणतेत, ‘ए, शीव चालू नगंस.’ माझी नात पुण्याला असती, ती बी म्हणती. तिला म्हाईत न्हाय कुठनं आलं."

आबांना चहा दिला. मी शेलवडीची, हे सांगितलं नाही. त्यांनी आडनाव विचारलं तेव्हा सासरचं सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण लाज वाटली ती वाटलीच.

२१ फेब्रुवारी

आमच्या गोष्टीत जमीन कुणाला मिळाली, हे कधीच नव्हतं. आज पहिल्यांदा लक्षात आलं. पाटलानं दम दिला, राणू हलला नाही, मग दगड पाटलाच्या सोयीचे कसे बसले? साठ वर्षं ऐकतेय. तीस वर्षं मुलांना ‘गोष्टीवरून प्रश्न विचारा’ शिकवलं आणि घरच्या गोष्टीला एक प्रश्न विचारला नाही.

तरी लिंबाजीआबांचीही सांगोवांगीच. आमच्याकडं कागद आहे. विळा आहे. स्वतःला हेच सांगत भाकरी थापल्या, दोन करपल्या.

२६ फेब्रुवारी

अकराव्या रुमालात मधूनच एक सुटी पट्टी निघाली. वीतभर रुंद, हातभर लांब. वरच्या कडेला खळीचा पिवळा डाग आणि अर्धा शिक्का.

तिथंच समजलं. लांब कागद एकाखाली एक चिकटवून करायचे आणि सांध्यावर शिक्का मारायचा, म्हणजे कुणी मधला तुकडा काढला तर कळावं. ज्या कागदाच्या तळाला अर्धा शिक्का, तो कागद संपलेला नसतो. मोडीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. राणूच्या कागदाच्या तळाला डाग होता. मी शाईचा डाग समजले. नीट पाहिलंच नाही, मला दादाला फोन करायचा होता.

आठवा रुमाल मागवला. दोन कडा जुळवल्या. शिक्का गोल झाला.

अक्षर त्याच कारकुनाचं. उतरवून घेतलं ते असं :

‘राणू वलद येसू माहार, मौजे शेलवडी, आपले खुशीने कचेरीस येऊन लिहून देतो ऐसे जे, म्या कातडे माथां घेऊन शीव चाललो ती खरी नव्हे. खरी शीव वोढ्याने. म्या चिंचेचे अंगें चाललो. पाटील बोलिले की वोढ्याने चाललास तर तुझे घर गांवांत ठेवीत नाही. घरांत बायको दिवसांवर. सबब चाललो. नंतर पंधरा दिवस वाट पाहिली. मज कांही जाहाले नाही. बायको बाळंत जाहाली, मूल खुशाल आहे. देवाने न्याय केला नाही, सबब सरकाराने करावा.’

खाली विळा. हा वेगळा. पहिला कारकुनानं काढून दिला असणार, असले विळे सगळ्या कागदांत सारखेच दिसतात. हा वाकडा, मूठ कुठं आणि पातं कुठं, आणि टोकाशी कागदाला भोक पडलंय इतका दाबलेला. हा राणूनं स्वतः काढलाय.

त्याखाली कारकुनाच्या अक्षरात एक ओळ : ‘शिवेचा निकाल होऊन दगड बसले आहेत. दप्तरी ठेवणे.’

अत्तारभाई विचारत होते, क्या हुआ, बी.पी. की गोली लाऊ क्या.

२७ फेब्रुवारी

ते मूल. खुशाल असलेलं. आमचा सगळा वंश त्याच्यापासून. दादा, मी, आमची पोरं.

पंधरा दिवस तो काय करत असेल? रोज सकाळी उठून अजून जिवंत आहे का, हे बघत असेल. पहिल्या आठवड्यात सुटलो वाटलं असेल का? बाळाला हातात घेतलं तेव्हा? पहिल्या राणूचा मला अभिमान होता. ह्या दुसऱ्या राणूनं जीव कालवतो.

दादाला सांगायचंय. आज नाही.

२ मार्च

सांगितलं. फोनवर नको म्हणून उमरग्याला गेले. वहिनी भाचीकडं गेलेली, घरात तो एकटाच. सोफ्यावर पुस्तिकेच्या कव्हरांचा गठ्ठा. बाळबोध लिपीत उतरवलेला कागद त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि परत माझ्याकडं दिला.

"हे कशाला वाचलंस?"

मी म्हणाले, सापडलं म्हणून.

"सापडलं म्हणून वाचायचं असतं व्हय?"

मग जे बोलला ते बोलला. की आपल्या माणसांच्या कमानी आहेतच किती. की एक माणूस ताठ मानेनं उभा केला तर त्याच्याही पायाखालची माती काढायला घरचीच पोरगी निघाली. की गावात त्याच पाटलाची पाचवी-सहावी पिढी आहे, ते हसतील, म्हणतील बघा ह्यांचा सत्यवादी. की साहेबाच्या कारकुनानं काय वाटेल ते लिहिलं असेल, त्याचा काय भरवसा.

मी म्हटलं, पहिला कागदही त्यानंच लिहिलाय. त्याच्यावर भरवसा ठेवून तू कव्हर छापलंस.

कव्हरांच्या कडा जुळवत बसला. भांडणात मी जिंकले की तो असाच काहीतरी आवरत बसतो, लहानपणापासून. मग हळू म्हणाला, "माझ्या नातवानं शाळेत भाषण केलंय गं राणोजीबाबावर. पहिला नंबर आला त्याचा."

येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का तुमचं?

५ मार्च

लिहायला हात धजत नाही, पण इथं तरी खोटं नको.

पट्टी घरी आणली.

संध्याकाळी आवराआवर करताना ह्या वहीत घातली आणि वही पिशवीत. अकराव्या रुमालाची यादी अजून व्हायचीय. मोडी वाचणारी मीच. यादीत जे नाही ते नाही. चोरीचा विचार केला नव्हता, दादाचा केला होता. पट्टी आत्ता मागच्या पानांत आहे आणि मी पुढच्या पानावर लिहितेय.

प्रदर्शनात पहिला कागद लावायचा, शेजारी चित्र. चाळीस शब्दांची पाटी. लोक बघतील, दादाचा नातू फोटो काढेल. कुणाचं काय बिघडलं? करंजूळकरांचं जे बिघडायचं ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी बिघडलंय.

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. पाटीलही असंच बोलला असेल.

७ मार्च

अत्तारभाई रुमाल सोडतानाच कागद मोजून वर चिठ्ठी लावतात. अकराव्यावर त्रेसष्ट लिहिलंय. आज बासष्ट भरले.

"मॅडम, एक कम आ रहा."

त्यांनी तीनदा मोजले. जमिनीवर बसून टेबलाखाली पाहिलं, झाडूवालीला बोलावून केराचा डबा उपडा केला. अकरा महिन्यांच्या करारावर आहेत ते, दरवर्षी नवा करार. घाम पुसत म्हणाले, "मेरीच गिनती चुकी होगी. मैं बासठ लिखता."

त्रेसष्टाचं बासष्ट करायला त्यांचा हात खाली गेला आणि मी म्हटलं, थांबा. पिशवीतून वही काढली, वहीतून पट्टी काढली, टेबलावर ठेवली.

त्यांनी पेन खाली ठेवला. मग, "किसका है?"

म्हटलं, आमच्याच माणसाचा.

त्यांनी पट्टी उचलून बासष्ट कागदांवर ठेवली. चिठ्ठी तशीच राहू दिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. जाताना एवढंच म्हणाले, "मेरे अब्बा भी कचहरी में चपरासी थे, मॅडम. कागद घर ले जानेवाले बहुत देखे उन्होंने. वापस लानेवाला सुना नै."

ते माझं समाधान करत होते आणि मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादीत नोंद केली. अकरा, त्रेसष्ट, राणू वलद येसू, दुसरी जबानी. माझ्याच अक्षरात.

११ मार्च

दादाचा फोन नाही. मीही केला नाही. वहिनी म्हणते कमानीचं काम थांबवलंय, गवंड्याला सिमेंट नाही सांगितलं, सिमेंट अंगणात आहे.

पाटीचे चाळीस शब्द. सहा वेळा लिहून खोडले. ‘खोटी साक्ष देऊन नंतर कबुली देणारा’ असं लिहिलं तर तो गुन्हेगार वाटतो. ‘सत्य सांगणारा’ लिहिलं तर दादाची पुस्तिका. त्याच्यावर आलेली वेळ चाळीस शब्दांत बसत नाही. मुलांना सारांशलेखनाचे गुण कापायचे मी, आता कळतंय.

१५ मार्च

लिंबाजीआबांना बोलावून घेतलं. गोष्ट त्यांची, कागद आधी त्यांना दाखवायला हवा, काचेत जायच्या आत. अत्तारभाईंनी दोन्ही तुकडे जोडून ठेवले होते. मी आधी सांगितलं की आबा, मी शेलवडीची, आणि हा राणू आमचा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कागदाकडंच बघत म्हणाले, "वाचा."

वाचला. ‘देवाने न्याय केला नाही’ तिथं अत्तारभाईंनी पाणी पुढं केलं. वाकडा विळा दाखवला, आबांनी त्यावर बोट नेलं पण टेकवलं नाही.

मला वाटलं होतं, आता म्हणतील की जाऊ द्या, त्यानं निदान कबूल तरी केलं. मनातल्या मनात मी ते वाक्य त्यांच्या तोंडी घालूनही ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं, "हे त्यानं साहेबाला सांगितलं?"

व्हय, म्हटलं.

"करंजूळला येऊन सांगितलं का?"

कागदात तसं काही नाही.

"वढा वलांडला की आमचा महारवाडा. त्याच्या घरापासनं हाकेवर. साहेबाची कचेरी दोन दिसांची वाट." मग म्हणाले, "साहेबाला सांगणं सोपं व्हतं, बाई. साहेब निघून जाणार व्हता."

आबा उठले, काठी घेतली. दाराशी वळून म्हणाले, "तुमी बी काचंतच लावणार व्हय? लावा. आमच्या गावची माणसं धाराशिवला येतेत ते दवाखान्याला, कोर्टाला. हिकडं कोण येतंय."

१६ मार्च

बरोबर बोलले. आणि मला राग आला त्यांचा, हेही खरं. इतकं सोसून सांगितलं, तरी पुरेना? मग दिवसभर लक्षात येत गेलं की सोसलं ते मी माझ्यासाठी. त्यांना आजवर काहीच मिळालेलं नाही.

राणू ओढा ओलांडून का गेला नाही? भीती. लाज. गेला असता तर त्यांनी जिवंत सोडला असता का? की गेलाही असेल, आणि कागदावर तेवढं आलं नसेल? शोधायला आणखी सात रुमाल आहेत. पण हे रुमालात मिळायचं नाही, असं वाटतं.

१९ मार्च

दादाला फोन केला. आबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मी करंजूळला जाऊन सांगणार आहे, रविवारी, विहारात, हेही. तू ये असं म्हटलं नाही.

तो म्हणाला, "त्यांनी दगड मारले तर?"

मारणार नाहीत, म्हटलं. चहा देतील. तेच जास्त अवघड आहे.

"काय मागतील?"

ठाऊक नाही. तो पट्टा आता कुणाकुणाच्या नावावर आहे, पाटलानं विकून तीन पिढ्या झाल्यात. जमीन कुणी देऊ शकत नाही.

"मंग जाऊन काय उपयोग?"

दादा, मला खरंच माहीत नाही.

फोन ठेवला त्यानं. पुस्तिकेचं विचारायचं राहिलं.

२२ मार्च, करंजूळ

विहारात बसून लिहितेय. लोक जमायचेत. आबांनी माणसं धाडलीत घरोघर, बायका वावरातून येताहेत.

सकाळची बस पकडून आले. अणदूर गेलं, मग फाटा. फाट्यावर उतरले तर पानटपरीजवळ दादा उभा. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, जयंतीला घालतो तो. उमरग्याहून पहिल्या बसनं येऊन तासभर थांबला होता. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "बोलायचं तू. मी निस्ता बसणार."

दोन किलोमीटर चालत आलो. रिक्षा मिळत होती, त्यानं नको म्हटलं. गुडघा दुखत असणार, दोनदा थांबून बुटाची नाडी बांधली. ओढा कोरडा आहे. पूल झालाय छोटा. पुलावर थांबून त्यानं विचारलं चिंच कुठल्या अंगाला. मलाही माहीत नव्हतं. एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, कसली चिंच, हितं सगळं सोयाबीन.

मी कागदाची छायाप्रत आणलीय आणि बाळबोधीतल्या पन्नास प्रती. दादानं पिशवीतून आपल्या पुस्तिकेचं एक कव्हर काढून माझ्याजवळ दिलं. म्हणाला राहू दे तुझ्याकडं. ठेवून घेतलं.

विहार भरत आलाय. पुढं बाया, मागं पुरुष, दारात पोरं. आबा खुर्चीवर, काठी गुडघ्यांत. कुणीतरी विचारलं कार्यक्रम कसला हाय, आबा म्हणाले, "शेलवडीची माणसं आलीत. त्यांना कायतरी सांगायचंय." एका म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडं रोखून बघतेय.

चहा आला. कुठून सुरुवात करू? ‘आमच्या घरात एक गोष्ट सांगतात’ इथून?

दादा उठलाय. मी बोलायचं ठरलं होतं. हात जोडून उभा आहे. आपलं नाव सांगितलं. आता बापाचं. आज्याचं. पणज्याचं. एकेक पिढी, शाळेत पोरं पाढे म्हणतात तसा सपाट आवाज, पण थांबत नाही. राणोजी म्हणाला नाही. राणू म्हणाला.

म्हातारी उभी राहिलीय.